‘पित्त कोणाला होत नाही?’ या संदेशाचा प्रतिवाद

सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. छातीतली जळजळ म्हणजे साधे पित्त, ते सगळ्यांनाच होते. ‘जीईआरडी’ (जठरातले आम्ल वारंवार अन्ननलिकेत चढण्याचा आजार) हे औषध कंपन्यांनी काढलेले खूळ आहे. जळजळ मुळात पोटातले आम्ल कमी पडल्याने होते. आणि थंड दूध किंवा खायचा सोडा घेतला की काम भागते, असा त्याचा आशय आहे. यातला पहिला दावा अर्धा खरा असल्यामुळे बाकीचेही सहज पटतात, म्हणून त्याचाच विचार आधी करतो.

जळजळ सगळ्यांना होते, हे मान्य. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक वलय असते. ते गिळताना उघडते आणि एरवी आवळलेले राहते. भरपेट, तेलकट जेवून लगेच आडवे झाले की ते सैल पडते आणि आम्ल वर येते. अशा वेळी अँटासिडची एखादी गोळी पुरते. मात्र हे वलय वारंवार सैल पडू लागले, किंवा जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकला, तर अन्ननलिकेचे नाजूक अस्तर रोजच्या आम्लाने सोलवटते. जीईआरडीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल व्याख्येत त्रासाची मोजणीच दिली आहे : सौम्य लक्षणे आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस, अथवा मध्यम ते तीव्र लक्षणे आठवड्यातून एकापेक्षा अधिक दिवस होत असतील, तर रुग्णांना ती सहसा त्रासदायक वाटतात, आणि असा त्रास म्हणजेच आजार. म्हणजे जळजळ किती जोराची, याबरोबरच ती किती वेळा होते यालाही महत्त्व आहे.

मराठीत डोके दुखले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त आणि घशाशी आंबट आले तरी पित्तच. या एका शब्दाआड वर्षे लपतात. माझी आत्या रात्री दोनच्या सुमारास ठसका लागून उठून बसायची, तांब्यातले पाणी प्यायची आणि ‘माझी प्रकृतीच पित्ताची’ म्हणून पुन्हा दोन उशांवर टेकायची. घास अडकू लागला तेव्हा कुठे एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी) झाली आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला व्रण दिसले. आता औषधाच्या जोडीने तिच्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आहेत, कारण नुसत्या उशा वाढवल्या की मान तेवढी वर होते आणि पोट दुमडते.

आम्ल कमी पडल्याचा दावा तर उघड चुकीचा आहे. तसे असते, तर आम्ल घटवणाऱ्या औषधांनी हे व्रण भरून आले नसते. बहुतेकांच्या पोटात आम्ल नेहमीइतकेच असते. ते भलत्या ठिकाणी पोचते, एवढेच.

दुधाने घटकाभर गार वाटते, पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल स्रवायला लावतात. सोड्याने गॅस होऊन पोट ताणते, शिवाय त्यातले सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला परवडणारे नसते.

औषध कंपन्यांवरचा राग मी समजू शकतो. दुकानातून परस्पर आणलेले पँटोप्राझोल हे आम्ल घटवणारे औषध महिनोन्‌महिने घेणेही चुकीचेच आहे. ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपुरते, सहसा जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायचे असते. पण औषधाचा अतिरेक होतो म्हणून आजारच खोटा ठरत नाही.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे संदेशात धोक्याच्या खुणांचा उल्लेखही नाही. घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही असेल, तर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवले पाहिजे. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर तो हृदयविकार असू शकतो. तेव्हा घरच्या उपायांत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे.