‘.32 म्हणजे .32’ : काडतुसांबद्दलच्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या शस्त्र परवानाधारकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सार असं: .32 चं (म्हणजे साधारण 0.32 इंच जाडीच्या गोळीचं) कुठलंही काडतूस रिव्हॉल्व्हरला चालतं, सरावाला स्वस्तातलं उडवा, बचावासाठी सहा होलो पॉइंट (पोकळ तोंडाच्या, लागल्यावर उमलणाऱ्या गोळ्यांची काडतुसं) घेऊन कपाटात जपून ठेवा, हात मळ्यातच साफ करा, बिबट्या आला तरी काम भागतं. एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका बसवणं हेही कौशल्यच.

‘कुठलंही .32 चालतं.’ नाही चालत. कानपूरच्या .32 रिव्हॉल्व्हरचं आणि निर्भीक या हलक्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस आहे .32 स्मिथ अँड वेसन लाँग. अशनी पिस्तुलाचं आहे .32 एसीपी, म्हणजेच 7.65 मिमी. गैरसमज होतो कारण एसीपी रिव्हॉल्व्हरच्या घरात (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) सहसा बसतं; दोन्ही पुंगळ्यांची (काडतुसाच्या पितळी कवचांची) जाडी जवळपास सारखीच. पण लाँगची पुंगळी 23.4 मिमी लांब, एसीपीची 17.3. लाँगची कमाल दाबमर्यादा 15,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), एसीपीची 20,500. म्हणजे कमी दाबासाठी बनवलेल्या सिलिंडरवर तुम्ही तिसऱ्या हिश्श्याहून जास्तीचा भार टाकताय. शिवाय एसीपीच्या बुडाची कड बारीक आणि पातळ. त्यामुळे काडतूस सैल बसतं, केपवर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) ठोका हलका पडतो आणि कधी बार होतच नाही. झाला तरी रिकामी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखालून निसटून घरातच अडकते. दुकानात नुसतं ‘.32 द्या’ म्हणू नका, ‘रिव्हॉल्व्हरची लाँग’ म्हणा आणि पुंगळीच्या बुडावरचा शिक्का वाचूनच पैसे द्या.

‘सरावाला एक, बचावाला दुसरं.’ सगळ्यात जास्त नुकसान हा सल्ला करतो. रिव्हॉल्व्हरची साइट (नेम धरायची खूण) बहुतेक वेळा पक्की, न सरकवता येणारी असते, ती एकाच वजनाच्या गोळीला जुळते. जड आणि संथ गोळी नळीतून उशिरा सुटते. तोवर नळी वर उचलली गेलेली असते, म्हणून ती वर लागते. हलकी आणि वेगवान गोळी खाली लागते. एका काडतुसावर हात बसवायचा आणि प्रसंगी दुसरंच भरायचं, तर नेम शिकलात तो कशासाठी?

सपाट तोंडाच्या वॅडकटर गोळ्या स्पर्धेसाठी उत्तमच, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. पण गोळी पुंगळीच्या तोंडाबरोबर बसवलेली असते, पुढे निमुळतं काही नसतं, त्यामुळे घाईत भरताना काडतूस घराच्या काठावर अडतं. बचावाच्या शस्त्रासाठी 98 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोल तोंडाची शिशाची गोळी घ्या आणि सरावही तिच्यावरच करा.

परवान्यावर दोन आकडे असतात: एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची. त्यात बसेल तेवढी सगळी एकाच लॉटची, म्हणजे कारखान्याच्या एकाच खेपेची घ्या. त्यातली 24, म्हणजे सहाच्या चार फेऱ्या, रेंजवर उडवून बघा. पाच उडवल्यावर सहावं बाहेर काढा आणि न उडवलेल्या काडतुसाशेजारी उभं धरून लांबी ताडून बघा. निर्भीकसारख्या हलक्या शस्त्रात धक्क्याने गोळी पुंगळीतून पुढे सरकत असेल तर सिलिंडर अडेल, तो लॉट बचावाला नको. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून 30 सेकंद थांबा. लगेच पुन्हा चाप ओढलात तर सिलिंडर फिरतो आणि उशिरा पेटलेलं काडतूस नळीसमोर नसताना फुटतं. बार ‘फुस्स’ वाजला, धक्का जाणवलाच नाही, तर पुढचा बार मुळीच नको. शस्त्र रिकामं करून नळी आरपार मोकळी आहे का बघा. गोळी आत अडकलेली असताना दुसरी सुटली तर नळी फुगते. ही रिव्हॉल्व्हरं मधून मोडून उघडतात, त्यामुळे न जळलेल्या दारूचे कण चांदणीखाली साचतात आणि सिलिंडर जड फिरू लागतो. दर फेरीनंतर तिथे जुना टूथब्रश फिरवला की काम होतं.

होलो पॉइंटची मोहिनी वेगळीच. 98 ग्रेनच्या लाँग गोळीचा वेग सेकंदाला 215 मीटरच्या आसपास, आखूड नळीतून आणखी कमी. एवढ्या वेगात तोंड उमलेल याची खात्री देता येत नाही.

‘कपाटात जपून ठेवा’ म्हणजे बहुतेक घरांत तेल लावून चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवणं. पातळ तेल केपमध्ये झिरपतं. कमावलेल्या चामड्यातल्या रसायनांनी पितळेवर हिरवी पुटं चढतात, मग काडतूस घरात नीट सरकत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात तर हे लवकर होतं. मूळ खोक्यात, कोरड्या जागी, कुलुपात ठेवा. वर्षाने तीच सहा सरावाला वापरा आणि त्यांच्या जागी नवी भरा.

मळ्यात सराव नकोच. बांधावरच्या काळ्या दगडावर आपटलेली गोळी कुठे जाईल सांगता येत नाही, आणि निष्काळजी गोळीबारामुळे इतरांच्या जिवाला धोका झाला तर शस्त्र कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरी स्नॅप कॅप (दारू नसलेलं नकली काडतूस) घालून चापाचा सराव करा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

राहिला बिबट्या. निफाड-दिंडोरीच्या उसात तो दिसतो हे खरं. पण या काडतुसाची ताकद जेमतेम 145 ज्यूल. त्याने बिबट्या थांबत नाही, जखमी होऊन चवताळतो. अंतर ठेवून वनविभागाला 1926 वर फोन करा.