प्रतिक्रियेला उत्तर: यादीत डब्ल्यू आहे, मग सेव्ह का होत नाही?

नमस्कार. सिन्नरहून आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा लॅपटॉप उघडून बसलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. फाइलच्या परवानग्यांची यादी, म्हणजे एसीएल, सी प्रोग्रॅममधून वाचता येईल अशा मजकुरात कशी काढायची यावर मागचा लेख होता. त्यावर तुमचं म्हणणं असं: ही यादी छापणारी गेटफॅकल ही तयार कमांड असताना हा उद्योग कशाला, प्रोग्रॅममधून मेमरी गळते, स्वल्पविरामांनी जोडलेलं एका ओळीचं आटोपशीर रूप सोडून पानभर रूप का, आणि खात्यांच्या आकड्यांऐवजी नावं छापून मी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकतोय.

मेमरीचं आधी, कारण तिथं वादच नाही. एसीएल_गेट_फाइल हे फंक्शन जी यादी देतं तिची मेमरी वापरून झाल्यावर सोडायची असते, आणि यादीचा मजकूर करणारं एसीएल_टू_टेक्स्ट जी अक्षरं देतं त्यांचीही. मी यादी सोडली, अक्षरं विसरलो. चूक माझी. पण तुम्ही सुचवलेलं साधं फ्री, म्हणजे मेमरी सोडणारं सी भाषेचं नेहमीचं फंक्शन, तिथं लावू नका हो! लिनक्सच्या लायब्ररीत ती अक्षरं तिच्या स्वतःच्या एका मोठ्या खोक्यात असतात आणि आपल्याला मिळतो तो पत्ता खोक्याच्या आतला. फ्रीला हवा असतो खोक्याच्या तोंडाचा. प्रोग्रॅम जागीच कोसळतो. दोन्हीकडे एसीएल_फ्रीच.

गेटफॅकलबद्दल: एकदाच यादी काढून ठेवायची असेल तर तेच वापरा, मीही वापरतो. सेटफॅकल या जोडीच्या कमांडचं रिस्टोअर तोच मजकूर परत वाचून परवानग्या लावूनही देतं. माझा प्रोग्रॅम सर्व्हरवर सतत चालू असतो आणि फाइल बदलली की लॉगमध्ये लिहितो. प्रत्येक बदलाला बाहेरची कमांड बोलावणं मला पटलं नाही, एवढंच. "प्रमाणित फंक्शन सोडून लिनक्सचं खास फंक्शन वापरलं" हा टोमणाही मारलात. मजकुराचं रूप निवडू देणारं एसीएल_टू_एनी_टेक्स्ट लिनक्सची भर आहे हे खरं, पण एसीएल_टू_टेक्स्ट तरी कुठं प्रमाणित आहे? ते पॉसिक्स १००३.१ई (युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिमांसाठीचं नियोजित प्रमाण) च्या मसुदा १७ मधून आलंय, आणि तो मसुदा १९९८ मध्ये गुंडाळला गेला. आपण सगळे एका न झालेल्या लग्नाची पत्रिका जपून बसलोय.

आता लांब रूप. इथं मी मागे हटणार नाही, आणि त्याला कारण सातपूरच्या एका वर्कशॉपमधली एक दुपार आहे. त्यांचा सर्व्हर मी बघतो. कटिंग विभागाचे सुपरवायझर म्हणाले, "साहेब, ड्रॉइंग उघडतंय, पण सेव्ह होत नाही." मी माझा लॉग उघडला. त्या वेळी लॉगमध्ये तुमच्या आवडीचं एका ओळीचं रूप होतं, ऑप्शन शून्य, म्हणजे जादा शेरा काही नाही. त्यात कटिंगसमोर आरडब्ल्यू (आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं) स्वच्छ लिहिलेलं. मग मी त्यांचा पीसी तपासला, नेटवर्क तपासलं, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. दोन तास गेले. सुपरवायझर शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होते आणि माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती अजून आठवते.

शेवटी त्याच फाइलचं लांब रूप काढलं, इफेक्टिव्हच्या, म्हणजे प्रत्यक्षात काय लागू पडतं त्याच्या, शेऱ्यासकट. (स्क्रीनवर हे रोमन लिपीत दिसतं, इथं माझ्या सवयीनं देवनागरीत.)

यूजर::आरडब्ल्यू-
यूजर:कटिंग:आरडब्ल्यू-   #इफेक्टिव्ह:आर--
ग्रुप::आर--
मास्क::आर--
अदर::---

दुसरी ओळ बघा. दिलंय आरडब्ल्यू, हातात पडतंय फक्त आर. मधे मास्क बसलाय. मालक आणि अदर सोडून बाकी सगळ्यांना, म्हणजे नावानं दिलेल्या माणसांना आणि सगळ्या ग्रुपना, मास्कपेक्षा जास्त काही मिळत नाही. आणि मास्क कमी कोणी केला? मीच. आदल्या दिवशी फोल्डर साफ करताना सवयीनं सीएचमॉड ६४० (मालक, ग्रुप, अदर यांच्या परवानग्या तीन आकड्यांत लावणारी कमांड) मारलं होतं. फाइलवर अशी यादी असेल तर सीएचमॉडमधला मधला आकडा ग्रुपला लागत नाही, मास्कला लागतो. यादीतली ओळ जशीच्या तशी राहते, तिचा जीव जातो.

तुमच्या एका ओळीच्या रूपात हा शेरा घालायची सोय नाही. हॅशनंतर ओळीच्या शेवटापर्यंत सगळं टिप्पणी धरलं जातं, त्यामुळे स्वल्पविरामानंतरच्या नोंदी त्यातच बुडतील. म्हणून टेक्स्ट_सम_इफेक्टिव्ह हा शेऱ्याचा ऑप्शन लावून ओळीला एक नोंद. लॉग फुगतो, फुगू दे.

नावं की आकडे, यावर मात्र तुम्ही मला हलवलंत. तुम्ही म्हणता फाइलसोबत नाव साठवलेलंच नसतं. बरोबर. वरची यादी कर्नलकडून, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडून, कच्ची मागितली तर ४४ बाइट येतात: आवृत्तीचे ४, आणि पाच नोंदींचे प्रत्येकी ८. त्या आठांत प्रकाराचे २, परवानगीचे २, आणि खात्याच्या क्रमांकाचे ४. "कटिंग" हा शब्द त्यात कुठेही नाही. तो मजकूर बनवताना, त्या क्षणी, त्या मशीनवरच्या खात्यांच्या यादीतून शोधला जातो.

तरीही माझं म्हणणं असं होतं की वाचणारा माणूस आहे. पावसाळ्यात नाशिकला गंगापूर धरणातून पाणी सोडलं की क्युसेकचा आकडा जाहीर होतो, पण रविवार कारंज्यावरचा माणूस विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गोदावरीच्या पात्रातल्या त्या मूर्तीच्या कमरेला की गळ्याला, यावर त्याला पूर कळतो. सुपरवायझरना १००७ सांगून काय उपयोग?

पण मारुती जागचा हलत नाही, क्रमांकाचा मालक हलतो. तुमची प्रतिक्रिया वाचून जुना लॉग चाळला, तर त्याच वर्कशॉपमध्ये एक ॲप्रेंटिस सोडून गेल्यावर त्याचं खातं पुसलं होतं. त्या दिवसापासून त्याच्या नोंदींत नावाच्या जागी नुसतं १००७ येऊ लागलं; नाव सापडलं नाही की आकडाच छापला जातो. काही आठवड्यांनी स्टोअरसाठी नवीन खातं काढलं, रिकामा झालेला १००७ त्याला मिळाला, आणि लॉगमध्ये ड्रॉइंगसमोर "स्टोअर" उगवलं. कोणीही दिलेली नसताना स्टोअरला लिहायची परवानगी! आणि माझा वाचायला सोपा मजकूर ती अगदी ठामपणे सांगत होता.

उलट बाजूही आहे, ती तुम्ही सोडलीत. यादी दुसऱ्या सर्व्हरवर लावायची असेल आणि तिथं तीच खाती वेगळ्या क्रमांकांची असतील, तर नावंच कामाला येतात, आकडे भलत्याच्याच गळ्यात पडतात.

म्हणून आता दोन्ही छापतो. फ्रीबीएसडीत (युनिक्सच्याच घराण्यातली दुसरी सिस्टिम) एसीएल_टू_टेक्स्ट_एनपीला नावासोबत क्रमांकही छापण्यासाठी एसीएल_टेक्स्ट_अपेंड_आयडी हा ऑप्शन आहे. लिनक्सवर मी एसीएल_टू_एनी_टेक्स्ट दोनदा बोलावतो, एकदा नावांसाठी, एकदा आकड्यांसाठी, टेक्स्ट_न्युमरिक_आयडीज लावून. नोंदींचा क्रम तोच राहतो, ओळीला ओळ जोडायची. दोन्ही वेळची अक्षरं सोडायची, एसीएल_फ्रीने, हे आता सांगायला नको.

लेखात दुरुस्ती टाकली आहे, जुना कोड खोडून तसाच ठेवलाय. आणि वर्कशॉपमधली खाती आता पुसत नाही, नुसती कुलूपबंद करतो. स्टोअरच्या त्या जुन्या नोंदी अजून काढतोय. सुपरवायझरना त्याचं कारण समजावताना पुन्हा चहा झाला.