पाच बाय साडेसहा

म्हातारपणात माणसानं नवीन काही घ्यायला जाऊ नये, गेलाच तर पलंग घ्यायला अजिबात जाऊ नये, आणि दोघं म्हातारे मिळून जाणार असतील तर कोल्हापुरात तर नकोच नको, कारण इथं भाजीवालीपासून पानपट्टीवाल्यापर्यंत प्रत्येकाला तुमच्या घरात काय येतंय, केवढ्याला येतंय आणि कशाला येतंय हे कळल्याशिवाय जेवण जात नाही.

आधीच सांगून टाकतो, मी गे आहे. वय पासष्टच्या पुढं. उद्यमनगरात एका फाउंड्रीत हिशेब लिहून रिटायर झालो. माझे पार्टनर शाळेत गणित शिकवायचे, गल्ली त्यांना सर म्हणते म्हणून मी पण चारचौघांत सर म्हणत गेलो आणि आता घरात भांडताना पण तोंडातनं 'सर'च येतं, त्यामुळं भांडणाची सगळी मजा जाते. मला गल्ली तात्या म्हणते. राहायला शुक्रवार पेठेत, नदीच्या बाजूला, जुन्या घराच्या माडीवर.

आमचं जमलं ते पण ऐका. १९८५ साली सर गडहिंग्लजहून नोकरीला आले, खोली मिळंना. माझ्याकडं ही माडी होती. घरमालकीणबाईंनी स्वतः सांगितलं, "एकटा कशाला ऱ्हातोस, मास्तर गुणाचा हाय, सोबत हुईल, भाडं पण निम्मं पडंल." म्हणजे आमची सोयरीक केली कुणी तर घरमालकिणीनं. त्या वेळी दोन बिनलग्नाची पोरं एका खोलीत राहतात यात कुणाला काही वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं, पोरं बिघडणार नाहीत म्हणून! रंकाळ्यावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, कधी हातात हात धरून निम्मं गाव फिरायचं, त्यातच आम्ही. शाळेतल्या सहकाऱ्याच्या लग्नाला गेलो तर जानवसघरात आम्हाला एकच गादी देऊन "अड्जस करा हां" म्हणून वर माफी मागायचे. आम्ही पण तोंड पाडून अड्जस करायचो.

आता माझ्या पुतण्याच्या पोरीला, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे ती, हे सगळं सांगितलं तर ती म्हणते आजोबा किती भारी ना, कुणाला कळायचंच नाही. भारी नव्हतं बाई सगळं. कुणाला कळायचं नाही तोवरच भारी होतं. एकदा का कळलं की नोकरी, घर, भावकी सगळं जाणार हे पोटात कायम असायचं, आणि 'घरी सांगू का' म्हणून पैसे उकळणारी माणसं तेव्हा पण होती. त्यात तो १८६० सालचा कायदा, कलम ३७७, त्यात आमच्यासारख्यांच्या संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा लिहिलेली. मुंबईतनं १९९० साली 'बॉम्बे दोस्त' नावाचं मासिक निघालं, आपल्यासारख्यांचंच, तिथल्या एका दोस्तानं त्याचा अंक मला ब्राऊन पेपरात गुंडाळून पाठवला होता. तो मी वाचला किती आणि लपवला किती याचा हिशेब लावला तर लपवण्यातच जास्त वेळ गेला असेल. शेवटी तो गव्हाच्या डब्यात तळाला ठेवला, आणि डबा दळायला न्यायची पाळी नेमकी सरांची आली. अंक बचावला, कारण गिरणीवाल्याची लाईट गेली होती.

तालमीत पण घातलं होतं मला लहानपणी, कोल्हापुरात कुणाला चुकलंय ते. हळद, तेल, ताक घालून मळलेली तांबडी माती, पहाटे पाचला. मी प्रत्येक कुस्ती हरायचो. वस्ताद घरी येऊन वडिलांना म्हणाले, पोराच्या अंगात रग हाय पर खालनं उठायचं मनावरच घेत न्हाई. वस्तादांची नजर पक्की होती एवढंच म्हणतो.

लग्नाचं विचाराल तर मला मंगळानं वाचवलं. कडक मंगळ. आईनं त्याच्या शांतीसाठी काय काय केलं, जोतिबाला खेटे घातले, आणि मी मनातल्या मनात म्हणायचो मंगळा बाबा शांत होऊ नको. एकदा मात्र मंगळवालीच मुलगी मिळाली तेव्हा घाम फुटला. तिनंच मला नापसंत केलं, फाउंड्रीत पगार तो काय म्हणून. देव तिचं भलं करो, मी अजून अंबाबाईला गेलो की तिच्या नावानं हात जोडतो.

तर खाटा. माडीवर दोन लोखंडी खाटा. दिवसा एक या भिंतीला, एक त्या भिंतीला, मधे सरांचं टेबल आणि त्यावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, कुणी पण वर यावं आणि बघावं. रात्री दिवे गेले की खाटा जोडायच्या आणि पहाटे दूधवाला यायच्या आत परत लांब करायच्या. ही कसरत आम्ही पार रिटायर होईपर्यंत केली. माडी लाकडी, त्यावर लोखंडी पाय, ओढताना असा घर्रर्र आवाज की खालच्या देव्हाऱ्यातली घंटी हलावी. मग सरांनी डोकं चालवून पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले, त्यानं घर्रर्र जाऊन किर्रर्र झालं. शिवाय एक खाट दुसरीपेक्षा इंचभर उंच. उंच सरांची. मधल्या फटीत आजवर काय काय गेलंय, चष्मे, बामच्या बाटल्या, सरांची कवळी, आणि हिवाळ्यात मी स्वतः, अर्धा.

सर रिटायर झाले तेव्हा माझा गुडघा आणि त्यांची कंबर दोन्हीनी एकदमच राजीनामा दिला. खाटा ओढणं बंद, जोडल्या त्या जोडल्या. म्हटलं आता कोण काय म्हणणार. आणि गंमत म्हणजे खरंच कुणी काही म्हटलं नाही. फक्त त्या वेळी खालच्या वहिनी, म्हणजे घरमालकीणबाईंच्या सूनबाई, उगंच आठवडाभर वर काहीबाही पाठवत होत्या, कधी झुणका, कधी कोथिंबीरवडी, रविवारी तर पांढरा रस्सा. का ते कळलं नाही. फुकटचा पांढरा रस्सा असताना विचारतं कोण.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. आमच्याकडं पावसाळ्यात माणसं तब्येत विचारत नाहीत, 'किती फुटावर हाय?' विचारतात. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, त्या वर्षी पंचगंगा ५५ च्या पण वर गेली. आम्हाला होडीतनं काढून एका कार्यालयात नेलं आणि तिथं सगळी गल्ली ओळीनं जमिनीवर. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. म्हणजे बाकी सगळ्या जोडप्यांची ताटातूट आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी, सरकारी खर्चानं. सर हळूच म्हणाले, तात्या, आयुष्यात पहिल्यांदा आपला फायदा झाला.

पण त्या पुरात ओल खाऊन खाटांना गंज लागला तो लागलाच. कापसाच्या गाद्या पण गेल्या. पूर्वी पिंजारी गल्लीत यायचा, ट्यांव ट्यांव वाजवत, गादी उसवून कापूस पिंजून परत भरून द्यायचा, आता तो पण दिसत नाही. डॉक्टर म्हणाले दोघांना पण एकसारखी घट्ट गादी पाहिजे, आणि ती फट बंद करा. म्हणून शेवटी निघालो दुकानात.

दुकानदार आमच्याच वयाचा, कपाळाला अष्टगंध.

"या या, पाणी घ्या. काय पायजे?"

"पलंग. डबल."

"आरं वा! घरात लग्न काय? मग सुटा पलंग कशाला, संसारसेट घ्या की. पलंग, तिजोरी, ड्रेसिंग टेबल, वर गादी फ्री."

म्हटलं लग्न नाही. मग पोरगा परदेशातनं येणार का. नाही. मग पाहुण्यांसाठी का. सर गणिताचे, त्यांना खोटं बोलायला वेळ लागतो, ते म्हणाले, "आमच्यासाठी." दुकानदारानं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाला, "आणि काकू न्हाई आल्या? बायकांच्या पसंतीनं घ्यावं, नंतर कटकट नको." मी म्हटलं, ज्यांची पसंती पाहिजे ते आलेत. त्याला वाटलं ऐकू कमी येतंय आम्हाला. तो मोठ्यांदा बोलायला लागला.

गाद्या बघायला आत गेलो. सर एका गादीवर आडवे झाले, मी शेजारी आडवा झालो.

"एकेकानं झोपून बघा की वो!"

सर झोपूनच म्हणाले, "वजन दोघांचं पडणार, मग एकट्यानं झोपून काय कळणार?"

दुकानात एक नवरा-नवरी होणारं जोडपं होतं, त्यांच्या आईवडलांसकट. पोरगा-पोरगी लाजून गादीला हात पण लावंनात, नुसतं लांबनं दाबून बघत होते, आणि आम्ही दोघं पांढऱ्या केसांचे पसरलेलो. पूर्वी असतं तर मी टुणकन उठलो असतो. आता टुणकन उठता येत नाही हा वेगळा भाग.

मग साईज. दुकानदार विचारतो, "किंग साईज का क्वीन साईज?" सरांनी माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं बघितलं, आणि आम्ही जे हसत सुटलो ते त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिथं कामाला एक पोरगा होता, विशीतला, कानात बाळी, तो मात्र खाली मान घालून गालात हसत होता. किंग म्हणजे सहा बाय साडेसहा फूट, क्वीन पाच बाय साडेसहा. आमच्या माडीत सहाचा बसणार नाही म्हणून क्वीनच घ्यावा लागणार होता, काय करता.

आणि मग दुकानदारानं जो सल्ला दिला तो ऐकून मला खरंच तिथल्या सोफ्यावर बसावं लागलं. म्हणाला, "काका, माझं ऐका, डबल नकोच. दोन सिंगल न्या. लागलं तवा जोडायचं, नको तवा लांब करायचं. लई सोयीचं पडतंय."

काय बोलणार यावर? सर म्हणाले, "त्याचा अनुभव घेऊन झालाय."

एवढं सगळं बदललं म्हणतात. २ जुलै २००९ ला दिल्ली हायकोर्टानं आम्हाला गुन्ह्यातनं सोडवलं, ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं परत आत घातलं, ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी परत बाहेर काढलं. म्हणजे साडेचार वर्षं सज्जन, पावणेपाच वर्षं गुन्हेगार, मग परत सज्जन, आमच्या पेठेतल्या अतिक्रमणाचं पण एवढं वर-खाली झालं नाही. २०१८ चा निकाल टीव्हीवर लागला तेव्हा सर "बरं झालं" म्हणाले आणि दळण आणायला गेले, आल्यावर मात्र डोळे लाल होते, म्हणाले गिरणीत पीठ उडालं. २०२३ च्या ऑक्टोबरात लग्नाचं विचारलं तर कोर्ट म्हणालं ते संसदेचं काम. बरं. २०२४ च्या ऑगस्टात केंद्राच्या अर्थखात्यानं सांगितलं की आमच्यासारख्या जोडप्यांना जॉईंट खातं काढता येतंय, एकमेकांना नॉमिनी लावता येतंय, आणि केंद्रानं राज्यांना कळवलं की रेशन कार्डासाठी यांना एकाच घरातले धरा. म्हणजे सरकार आम्हाला एका रेशन कार्डावर घ्यायला तयार झालं पण हा गडी एका पलंगावर घ्यायला तयार नाही!

शेवटी तो बाळीवाला पोरगाच पुढं आला. हळू आवाजात म्हणाला, "काका, पाच बाय साडेसहा घ्या, खाली स्टोरेज नको, म्हातारपणी उचलाय जमत न्हाई. दोघास्नी बास हुतंय." आणि बिलावर स्वतःहून पाचशे कमी लावले. पुतण्याची पोरगी आमच्याशी बोलताना क्यूट-बिट म्हणते, इंद्रधनुष्य पाठवते, ते पण चांगलंच आहे, पण या पोरानं 'दोघास्नी' म्हणताना तोंड वाकडं न करता नुसती साईज सांगितली ते मला जास्त आवडलं.

टेम्पो आला तो बरोबर संध्याकाळी, गल्ली भरलेली असताना. जिना अडीच फुटी आणि वर वळणाचा, पलंगाची डोक्याकडची फळी काही वळंना. मग तालमीतली पोरं आली, दोरखंड आणलं, फळी गॅलरीतनं वर घ्यायची ठरली. खाली पंचवीस माणसं आणि पंचवीस सल्ले. जरा डावीकडं घे. न्हाई, आडवी धर. एक पोरगं ओरडलं, "तात्या, दोघांना मिळून एकच व्हय?" त्याच्या मोठ्या भावानं त्याच्या टाळक्यात हाणली, "गप, दोर धर."

फळी वर गेली. जुन्या खाटा खाली काढल्या, अंगणात उभ्या केल्या. खालच्या वहिनी पदर खोचून आल्या आणि खाटांचे पाय निरखून बघायला लागल्या.

"तात्या, ह्यातली एक आमच्या गोठ्याकडं न्यावी म्हणत हुतो, पर पाय लईच झिजल्यात वो."

मी म्हटलं, जुन्या झाल्या वहिनी.

"जुन्या कुठल्या, ओढून ओढून झिजल्यात. आमच्या सासूबाई हुत्या तवा घड्याळ बघायच्या न्हाईत. वर किर्रर्र झालं की म्हणायच्या, चला, पोरांनी खाटा जोडल्या, दार लावा, दहा वाजलं."

सरांच्या हातातला स्क्रूचा पुडा खाली पडला.

"आणि सर रिटायर झाले आन् आवाजच बंद झाला की वो! मला वाटलं दोघांचं काय तरी बिनसलं. भांडणाच्या घरात चूल पेटत नसती म्हणून मी आठ दिवस वर जेवाण पाठवत हुतो."