‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ ही सत्यकथा नाही
२००८चा हा चित्रपट खऱ्या घटनेवर आधारलेला आहे, असा मजकूर फिरतो आहे. तसं नाही. मूळ कादंबरी जॉन बॉइन यांची, २००६ची. तारेपलीकडच्या ज्यू मुलाशी गप्पा मारणारा आणि शेवटी कुंपणाखालून छळछावणीत शिरून गॅस चेंबरमध्ये मरणारा नाझी अधिकाऱ्याचा मुलगा काल्पनिक आहे. ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीच्या कुंपणात वीज खेळवलेली असे, आणि बहुतेक ज्यू मुलांना तर पोहोचताच मारलं जाई. तारेपलीकडे गप्पा मारायला उरणार कोण? कमांडंट रुडॉल्फ होस बायको आणि पाच मुलांसह छावणीला लागून राहायचा, हे मात्र खरं. त्याचं एकही मूल तिथे मेलं नाही. शेवटचा आकांत पडद्यावर अशाच घराच्या वाट्याला येतो, हे मला जास्त खटकतं. २०२०मध्ये ऑशविट्झ संग्रहालयानेही ज्यूंच्या संहाराचा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी ही कादंबरी टाळावी, असं सांगितलं होतं.