मेटलचं मान्य, सनबोर्डचं नाही

नमस्कार दादा, उत्तराला उशीर झाला, शाळेच्या ट्रॉफ्यांची ऑर्डर होती आणि त्यात दोन दिवस गेले. लेझर कटिंगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टींवर बोट ठेवलंय. तुमचं म्हणणं, सीओटू (म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा) लेझर मेटल कापत नाही हे माझं वाक्य साफ चूक आहे. सनबोर्ड (बोर्डची अक्षरं कापायची हलकी फोमची शीट) लेझरवर लावू नका हे मी उगाच लोकांना घाबरवायला लिहिलंय, तुम्ही चार वर्षं कापताय आणि काही झालेलं नाही. आणि हा लेझर बनवणारे कुमार पटेल बारामतीत जन्मले याचा उल्लेख कशाला, पटेल आडनावाच्या माणसावर मराठी लोकांनी कॉलर टाईट करायचं कारण काय. शेवटी "मशीन कधी जवळून बघितलंय का" असंही विचारलंय, ते सोडून देतो.

मेटलचं आधी. मान्य, चुकलो. मी माझ्या 80 वॅटच्या काचेच्या ट्यूबवरून बोलत होतो आणि वाक्य मात्र सगळ्या सीओटू लेझरसाठी ठोकून दिलं. तुम्ही ज्या फॅक्टरीत होतात तिथलं मशीन काही किलोवॅटचं असणार, आणि असल्या मशीनांनी कित्येक वर्षं स्टीलचा पत्रा कापलाय, फायबर लेझर येईपर्यंत पत्र्याच्या कामात त्यांचंच राज्य होतं. खरं तर 1967 सालीच इंग्लंडात केंब्रिजजवळ पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी सीओटू लेझरच्या जोडीला ऑक्सिजनचा झोत सोडून 1 मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा कापून दाखवला होता. गंमत त्या ऑक्सिजनमध्ये आहे, लेझर लोखंड तापवतो आणि पुढचं अर्धं काम तापलेलं लोखंड ऑक्सिजनमध्ये स्वतःच जळून करतं. आपल्या नेमप्लेटवाल्या मशीनला एअर असिस्ट (कापताना सोडायचा हवेचा झोत) म्हणून मत्स्यालयाच्या पंपाचा मोठा भाऊ जोडलेला असतो, त्याच्याकडून ही अपेक्षा नको. स्टीलच्या बाटलीवर आपण नाव टाकतो तेव्हा वरचा रंग उडतो, स्टीलला ओरखडाही जात नाही. लेखात दुरुस्ती केलीय.

आता तुम्ही जाता जाता एक टोमणा मारलाय, की लेझर म्हणजे शेवटी गरम सुई, त्यात एवढं विज्ञान कसलं. इथे मात्र नाही पटत. गरम सुई सगळ्यांना सारखीच चटका देते, हा किरण देत नाही. ट्यूबमध्ये कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन आणि हेलियम असतो, हाय व्होल्टेजने आधी नायट्रोजन थरथरायला लागतो, तो ती थरथर टक्कर होताना कार्बन डायऑक्साइडला देतो (दोघांच्या ऊर्जेचं माप जवळजवळ जुळतं म्हणून हे जमतं), आणि कार्बन डायऑक्साइड खालच्या पायरीवर उतरताना 10.6 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब लहरीचा, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. हेलियम बिचारा उष्णता बाहेर नेतो आणि ती खालची पायरी रिकामी ठेवतो. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा ही लहर पंधरा-वीस पट लांब, त्यामुळे आपल्याला जे पारदर्शक दिसतं ते तिला पारदर्शक असेलच असं नाही. आपल्याला आरपार दिसणारं अ‍ॅक्रिलिक तिच्यासाठी काळी भिंत आहे, म्हणून तर ते इतकं सुंदर कापलं जातं आणि म्हणूनच मशीनच्या अ‍ॅक्रिलिकच्या झाकणातून तुम्ही बिनधास्त आत बघू शकता. साधी काचही तिला अडवते, त्यामुळे मशीनची लेन्स काचेची नसते, झिंक सेलेनाइडची असते, ती पिवळसर दिसते बघा. आणि चकचकीत धातू तिला आरशासारखा परत पाठवतो. एकाच मशीनवर अ‍ॅक्रिलिक लोण्यासारखं का कापलं जातं आणि तांब्याची पट्टी नुसती हसत का बसते, हे गरम सुईने नाही सांगता येणार.

सनबोर्डवर मात्र मी एक इंचही मागे येणार नाही. आपल्या लाइनमध्ये अक्षरं कापायला जो सनबोर्ड वापरतात तो पीव्हीसीचा फोम असतो, आणि शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. लेझर लागला की हायड्रोजन क्लोराइड गॅस सुटतो, हवेतली ओल मिळाली की त्याचं अ‍ॅसिड होतं, आपल्याकडे पावसाळ्यात ओलीला काय तोटा. फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली उघडल्यावर नाकात जातं तेच हे, फक्त इथे ते मशीनच्या पोटात तयार होतं.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. एक पार्टी पांढऱ्या शीट घेऊन आली, अ‍ॅक्रिलिक आहे म्हणाली, घाईची ऑर्डर होती आणि मीही हातात घेऊन न बघता लावल्या, खरं तर उचलतानाच कळायला हवं होतं कारण अ‍ॅक्रिलिक चांगलं जड लागतं आणि ही शीट हलकी होती. अ‍ॅक्रिलिक कापताना एक गोडसर उग्र वास येतो, कडा काचेसारखी चमकते. इथे कडा तपकिरी, चिकट, आणि घसा असा खवखवला की मी बाहेर जाऊन पाणी प्यालो आणि परत येऊन काम पूर्ण केलं (हो, मूर्खपणा). दुपारभराचं काम. पुढच्या काही आठवड्यांत लेझरचं डोकं ज्यावर सरकतं त्या गाईडच्या रेलवर बारीक तांबूस ठिपके उठले, तेल लावून पुसले तरी परत यायचे, लेन्स धुरकटली, मग पॉवर वाढवून कापायला लागलो आणि शेवटी लेन्स आणि एक रेल बदलावी लागली. मशीनचं जाऊ द्या, तीच हवा मी आणि माझा मुलगा ओढत होतो. आणि एक्झॉस्टचं तोंड मागच्या बोळात, तिथे शेजारच्या काकूंचे कपडे वाळत असतात.

आता तुमच्या चार वर्षांबद्दल. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. बाजारात सनबोर्ड म्हणून दोन-तीन वेगळ्या वस्तू मिळतात, कागद लावलेला फोमही काही दुकानदार त्याच नावाने देतात, तुमचा तसला असेल तर क्लोरीनचा प्रश्नच नाही (आगीचा आहे, फोम पटकन पेटतो, मशीन सोडून चहाला जाऊ नका). किंवा तुमचा एक्झॉस्ट माझ्यापेक्षा तगडा असेल. किंवा रेलवरचे ठिपके तुम्ही पावसाच्या खात्यात टाकत असाल, मीही आधी तेच केलं होतं.

पटेलांचं थोडक्यात. मी त्यांना मराठी म्हटलंच नव्हतं, परत वाचून बघा. कुमार पटेल 1938 साली बारामतीत जन्मले, 1958 साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतली, मग अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठ, मग बेल लॅब्ज ही प्रयोगशाळा, आणि तिथे 1964 साली हा लेझर केला. ज्या मशीनवर आपलं पोट आहे त्याची सुरुवात करणारा माणूस आपल्या डेक्कनवरून, शिवाजीनगरवरून हिंडलेला असणार, एवढंच वाटलं म्हणून लिहिलं. याच शोधासाठी अमेरिकेने त्यांना 1996 चं नॅशनल मेडल ऑफ सायन्स दिलंय, त्यामुळे आपण कॉलर टाईट केली काय आणि सैल सोडली काय, त्यांना फरक पडत नाही.

गणपतीच्या मखरांचा सीझन तोंडावर आलाय, थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे म्हणून गिऱ्हाईक एमडीएफ नाहीतर सनबोर्डच मागणार, तेव्हा तुमच्या शीटचा एक छोटा तुकडा घेऊन एवढं करा. उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून. तांब्याची जाड तार पकडीत धरून गॅसच्या निळ्या ज्योतीत तापवा, ज्योतीला काही रंग येईनासा होईपर्यंत. मग तीच गरम तार तुकड्याला टेकवा, थोडं प्लॅस्टिक चिकटू द्या आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवीगार झाली तर शीटमध्ये क्लोरीन आहे, ती लेझरवर न लावता राउटरवर (फिरत्या पात्याच्या मशीनवर) किंवा कटरने कापा. नाही झाली तर तुकड्याचा आणि दुकानातल्या लेबलचा फोटो इथे टाका, सनबोर्डवाला परिच्छेद तुमच्या नावासकट बदलतो.