पोलाद वितळलं, असं म्हटलंय कोणी?

सप्टेंबर आला की तो फॉरवर्ड पुन्हा फिरू लागतो: 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कचे जुळे मनोरे विमानांनी पडलेच नाहीत, आतून सुरुंग लावून पाडले.

पहिला पुरावा, ‘विमानाच्या इंधनाने पोलाद वितळत नाही.’ खरंय. त्याला साधारण 1500 अंश सेल्सिअस लागतात, तिथली आग फार तर 1000 पर्यंत गेली. पण 600 अंशांच्या आसपासच पोलादाची ताकद निम्म्यावर येते. लोहार विळ्याला बाक देतो तेव्हा लोखंडाचं पाणी करत नाही. शिवाय मनोऱ्यांची रचना बघा. आत मोकळी जागा हवी म्हणून भार पेलत होते बाहेरच्या भिंतीतले दाटीवाटीचे खांब आणि मधला लिफ्ट-जिन्यांचा गाभा. या दोहोंमध्ये 60 फुटांपर्यंत लांबीचे हलके ट्रस, म्हणजे पोलादी जाळीच्या तुळया, त्यांवर मजले. विमानं घुसली तेव्हा खांब तर तुटलेच, पण पोलादावर फवारलेला अग्निरोधक थरही झडला. इंधन काही मिनिटांत संपलं. पुढे जळत राहिलं ते ऑफिसांतलं फर्निचर आणि कागद. तापलेले ट्रस खाली झुकले, त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले. ते आत वाकलेले फोटोंतही दिसतात. दक्षिण मनोरा 56 मिनिटांत कोसळला, उत्तरेचा 102 मिनिटांनी. आणि दोन्ही कोसळायला लागले ते धडक बसलेल्या मजल्यांपासूनच. एवढ्या आगीत सुरुंग शाबूत कसे राहिले, हे फॉरवर्ड सांगत नाही.

‘बोइंग 707 ची धडक सोसेल अशीच बांधणी होती.’ होती, आणि धडक सोसलीही. पण मनोऱ्यांची रचना करणारा अभियंता लेस्ली रॉबर्टसनच्या डोळ्यांसमोर होतं धुक्यात वाट चुकून हळू उतरणारं विमान. इंधनाच्या आगीचा हिशेब त्यात नव्हता.

‘सात नंबरच्या इमारतीला विमान लागलंच नाही!’ मनोऱ्यांशेजारच्या, त्याच दिवशी पडलेल्या या इमारतीला नाहीच लागलं. उत्तर मनोऱ्याच्या जळत्या ढिगाऱ्याने तिला आग लागली, पाण्याची मुख्य लाइन फुटल्याने खालच्या मजल्यांचे आग विझवणारे स्प्रिंकलर कोरडे पडले. आग तासन्‌तास धुमसली. तुळया तापून प्रसरण पावल्या, 79 क्रमांकाच्या खांबाचा आधार सुटला आणि संध्याकाळी 5:20 ला 47 मजले खाली आले. 2008 चा सरकारी तपास अहवाल हेच सांगतो.

राहिला विमा: ‘मनोरे भाड्याने घेणाऱ्याने आधीच विमा उतरवून पैसे कमावले.’ जुलै 2001 मध्ये 99 वर्षांचा भाडेपट्टा घेणाऱ्याने विमा उतरवायचा नाही तर काय? 1993 मध्ये तिथे तळघरात बॉम्बही फुटला होता. पैशांसाठी विमा कंपन्यांशी 2007 पर्यंत भांडावं लागलं, आणि जागा रिकामी असतानाही जागेची मालक असलेल्या पोर्ट ऑथॉरिटी या सरकारी संस्थेचं भाडं चालूच होतं.