नदी उलटी वाहते तेव्हा तिला अडवू नका

नदी डोंगरातून निघते आणि समुद्राला मिळते, एवढंच आपण शाळेत शिकतो आणि बहुतेक आयुष्यभर तेच धरून बसतो. पण समुद्राजवळची नदी दिवसातून दोनदा मागे फिरते, आणि हे लक्षात न घेता तिच्या मुखाशी काहीही बांधायचं हे मला आता अजिबात पटत नाही.

अमेरिकेतली हडसन नदी बघा. भरती तिच्यात ट्रॉयच्या बंधाऱ्यापर्यंत जाते, म्हणजे समुद्रापासून जवळजवळ २४० किमी आत! तिथल्या मूळ रहिवासी मोहिकन लोकांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थच दोन्हीकडे वाहणारं पाणी असा सांगतात. अॅमेझॉनमध्ये तर ओबिदुसपर्यंत, साधारण ८०० किमी आत, भरतीचा परिणाम जाणवतो आणि तिथलं पाणी पूर्ण गोडं असतं. लोकांना वाटतं भरती म्हणजे खारं पाणी, तसं नाही. समुद्राची पातळी चढली की नदीला पुढे जायला उतारच उरत नाही, मग मागून येणारं गोडं पाणी तुंबतं आणि पातळी चढते, खारेपणा मात्र खूप आधीच थांबतो. वर गेल्यावर अजून एक गंमत होते, भरतीचा वेळ कमी होत जातो आणि ओहोटीचा लांबत जातो, कारण भरती-ओहोटी ही एक लांबलचक लाटच असते आणि उथळ पात्रात तिचा माथा तिच्या खोलगट भागापेक्षा भरभर पुढे सरकतो. काही नद्यांमध्ये तर हा माथा चक्क पाण्याची भिंत होऊन येतो, चीनच्या छ्यानथांग नदीत ती बघायला प्रचंड गर्दी लोटते.

आता मुद्द्याचं. भरतीला आत येणारं पाणी ओहोटीला परत जाताना गाळ ओढून नेतं, त्यावरच मुखाजवळचं पात्र मोकळं राहतं. आत येणारं पाणी कमी केलं की परत जाणारं पण कमी होतं, जोर मरतो, गाळ बसतो. एवढी साधी गोष्ट, पण विसरली जाते!!

बांगलादेशात १९६० च्या दशकात शेतं खाऱ्या पाण्यापासून वाचवायला मोठाले बांध घातले. हेतू चांगलाच होता. पण भरतीबरोबर येणारा गाळ आधी सखल जमिनीवर पसरायचा तो आता नदीतच बसायला लागला, पात्र उथळ झालं, पावसाचं पाणी बाहेर निघेना आणि गावंच्या गावं महिनोन्‌महिने पाण्यात. शेवटी १९९७ मध्ये भायना बिलात (बिल म्हणजे तिथली सखल पाणथळ जमीन) लोकांनीच बांध कापला, भरती आत घेतली. गाळ बिलात बसून जमीन उंच झाली आणि नदी पुन्हा खोल झाली. गाळ उपसणाऱ्या कुठल्याही यंत्राशिवाय! अर्थात भरती आत घेतलेली असते त्या काळात ज्यांची जमीन पाण्याखाली जाते त्यांना भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, नाहीतर हा उपाय त्यांच्याच पोटावर येतो, हे मी मुद्दाम लिहितेय कारण निसर्गाच्या बाजूने बोलताना ती माणसं सुटून जातात.

कॅनडातल्या पेटिकोडियाक नदीवर १९६८ मध्ये दारं असलेला भराव टाकून रस्ता काढला, आणि जगातल्या सगळ्यात उंच भरत्यांपैकी एक जिथून येते त्या फंडीच्या उपसागराकडून आत शिरणारं पाणी अडलं. खालचं पात्र चिखलाने भरून आकसलं, सामन माशांची वाट तुटली, आणि तिथली प्रसिद्ध भरतीची लाट अगदीच किरकोळ उरली. लोक कितीतरी वर्षं भांडत राहिले. २०१० मध्ये ती दारं कायमची उघडली, पुढे २०२१ मध्ये भरावाच्या जागी पूल आला, आणि लाट एवढी परतली की आता त्या मातकट पाण्यावर लोक सर्फिंग करतात.